शब्दांची सोयरीक

एखाद्या माणसाने जन्मभर सराफी करावी आणि म्हातारपणी त्याला कोणी सांगावे, की बाबा रे, तुझा तराजूच मुळात हलका होता, तर त्याची जी अवस्था होईल ती दोन दिवाळ्यांपूर्वी माझी झाली. फरक इतकाच, की मला हे सांगणारे कोणी परके नव्हते. माझी सख्खी नात होती. आणि तिनेही ते सांगितले नाही, नुसता एक प्रश्न विचारला.

मी इंग्रजीचा मास्तर. नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोरा गावी राहतो. जिल्हा म्हणून आमचे नंदुरबार तसे वयाने लहान. १ जुलै १९९८ रोजी ते धुळ्यापासून वेगळे निघाले. पण भाषांच्या बाबतीत आमचा मुलूख पूर्वीपासून गर्भश्रीमंत आहे. नंदुरबारच्या बाजारात मिरचीच्या ढिगापाशी पाच मिनिटे उभे राहा, म्हणजे भिली, अहिराणी, गुजराती आणि मराठी अशा चार भाषांतून तुम्हाला ठसका लागेल!

अशा या मुलखात मी ३१ वर्षे मुलांकडून इंग्रजी शब्दांचे अर्थ घोकून घेतले. माझी पद्धत साधी होती. फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. एका शब्दाला एक अर्थ. मुलगा पाहिला, मुलगी पाहिली, अक्षता टाकल्या, मोकळे झालो! या सोयरिकीत कोणी जास्त चौकशा केल्या तर मला राग येई. एकदा 'आन्ट' या शब्दापुढे मी 'मावशी' असे लिहिले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला.

"सर, मग आत्याला काय म्हणायचं?"

"आन्ट."

"आणि काकूला?"

"आन्टच."

"मामीला पण?"

"मामीला पण!"

तो क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, "सर, मग साहेब लोकांच्या लग्नात मानपान कसा करत असतील?"

सगळा वर्ग हसला. मी त्याला दटावून खाली बसवले. आज वाटते, त्या दिवशी त्या वर्गातला भाषेचा खरा मास्तर मागच्या बाकावर उभा होता.

पण मी नातीची गोष्ट सांगत होतो. तिने परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि एके दिवशी घरी येऊन जाहीर केले, की मी जपानला जाणार. भारत आणि जपान यांच्यात ऑक्टोबर २०१७ मध्ये एक करार झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये आणखी एक; त्या वाटेने आपल्याकडची मुलेमुली तिकडे कामाला जाऊ लागली आहेत. तिकडे म्हातारी माणसे फार आणि त्यांना उठवणारे, बसवणारे, न्हाऊमाखू घालणारे हात थोडे. या कामाला तिकडे 'काइगो' म्हणतात. त्यासाठी कामाची परीक्षा द्यावी लागते आणि भाषेचीही. म्हणून ती जपानी शिकायला पुण्याला जाऊन राहिली.

तसा जपान आपल्याला अगदीच अनोळखी नाही. पु. ल. देशपांडे तिकडे जाऊन आले आणि 'पूर्वरंग' लिहून त्यांनी आपल्यालाही घरबसल्या तिकडे फिरवून आणले. पुण्यात त्यांच्या नावाचे जे उद्यान आहे, तेही ओकायामा शहरातल्या कोराकुएन या बागेच्या धर्तीवर केलेले. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला. इतकेच काय, नंदुरबार स्टेशनाबाहेर आपण ज्या रिक्षात बसतो, तिचे नावही मूळचे जपानी आहे. 'जिन्-रिकि-शा', म्हणजे माणसाच्या बळावर चालणारी गाडी. त्यातला 'जिन्' म्हणजे माणूस. इंग्रजांनी तो वाटेतच उतरवून दिला आणि उरलेली रिक्षा आपल्या दाराशी आणून सोडली!

हे सगळे मी आज मोठ्या कौतुकाने लिहितो आहे. तेव्हा मात्र मी तिच्या जाण्याच्या पूर्ण विरुद्ध होतो. माझी पत्नी जाऊन वर्ष होत आले होते. घरात मुलगा आहे, सून आहे, धाकटा नातू आहे. पण संध्याकाळी ओसरीवर माझ्याशी दोन गोष्टी बोलणारी होती ती ही नातच. "आपल्याकडची म्हातारी माणसं संपली का, म्हणून परक्यांची करायला निघालीस?" असे मी तिला एकदा तोडून बोललो. तिने उत्तर दिले नाही. त्यानंतर आमचे बोलणे कामापुरते उरले.

त्या दिवाळीला ती वसुबारसेच्या संध्याकाळी घरी आली. फराळाची तयारी चालली होती. ती ओसरीवर वही उघडून बसली. पुण्याला शिकायला लागून तिला तीनचार महिनेच झाले होते आणि अभ्यासाला तिने आणलेले पुस्तक होते इंग्रजी-जपानी. बराच वेळ ती पेन्सिल चावत होती. शेवटी माझा मुलगाच म्हणाला, "अगं, आबांना विचार की. घरात इंग्रजीचे मास्तर बसलेत!"

नाइलाजाने तिने विचारले, "आबा, 'कोल्ड'ला जपानीत दोन शब्द आहेत. 'सामुई' आणि 'त्सुमेताई'. पुस्तकात दोन्हींपुढे नुसतं 'कोल्ड' लिहिलंय. कुठला कुठे वापरायचा?"

मी चष्मा लावला. पुस्तक उलटसुलट पाहिले. मास्तरकी केलेल्या माणसाला 'ठाऊक नाही' म्हणायची सवय नसते. "एक जास्त कोल्ड असेल, एक कमी कोल्ड," मी ठोकून दिले.

"तसं नाही, आबा. मागच्या परीक्षेत मी तसंच लिहिलं होतं. चूक निघालं."

इतक्यात स्वयंपाकघरातून सूनबाई धाकट्यावर ओरडल्या, "अरे, गार पाण्यात खेळू नकोस! आणि आधी अंगात स्वेटर घाल, थंडी पडलीय बाहेर!"

नातीची पेन्सिल थांबली. तिने पुस्तकातली उदाहरणे पुन्हा वाचली आणि एकदम टाळी वाजवली. "आबा! थंडी पडते, थंडी वाजते, ती 'सामुई'. आणि पाणी हाताला गार लागतं ते 'त्सुमेताई'! आपल्याकडे आहेतच की दोन शब्द!"

खरेच होते. हवेतला गारठा सगळ्या अंगाला जाणवतो, तो एक. आणि पाणी, लोखंड, दगड हाताला गार लागतात, ते दुसरे. मराठी बाईने चूल सांभाळता सांभाळता जो भेद केला, तो माझ्या इंग्रजीच्या दारात हरवला होता. नात पुढे वाचत म्हणाली, "आणि मायेचा ओलावा नसलेल्या माणसालाही 'त्सुमेताई' म्हणतात." हे सांगताना तिने माझ्याकडे पाहिले नाही. पण मला ते लागले.

त्या रात्रीपासून आमच्या घरात एक नवाच खेळ सुरू झाला. नातीने वहीत उभ्या रेघा मारल्या. इंग्रजी शब्द, जपानी शब्द आणि तिसरा रकाना मराठीचा. इंग्रजीचा एकेक शब्द म्हणजे एका खोलीत कोंबलेली चारपाच भावंडे. आम्ही त्यांना बाहेर काढून ज्याच्या त्याच्या घरी पोचवत होतो.

'राइस' घ्या. शेतात उभे असलेले 'इने', कोठीत ठेवलेले 'कोमे' आणि ताटात वाढलेले 'गोहान'. पुस्तकात तिन्हींपुढे 'राइस'. नातीने पुण्यात एकदा बाईंना सांगितले होते, की मी रोज दुपारी 'कोमे' खाते. बाई हसल्या, ते का हे तिला आत्ता कळले. शेतात साळ, सुपात तांदूळ आणि पानात भात, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. कच्चे तांदूळ मूठमूठ खाणारी पोरगी पाहून कोण हसणार नाही?

मग 'वेअर' आला. जपानी माणूस सदरा अंगात घालतो तो 'कीरु', पायजमा आणि पायातले जोडे 'हाकु', डोक्यावरची टोपी 'काबुरु', चष्मा 'काकेरु' आणि बोटातली अंगठी 'हामेरु'. ही यादी पाहून नातीच्या वर्गातल्या मुलींनी म्हणे कपाळाला हात लावला होता. मी म्हटले, "त्यात घाबरण्यासारखं काय आहे? तुझी आजी लुगडं नेसायची. मी सदरा घालतो, पागोटं बांधतो, चष्मा लावतो, शाल पांघरतो. 'लुगडं घातलं' असं कोणी म्हटलं असतं, तर तुझ्या आजीनं त्याला घरात घेतलं नसतं!" कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघे एकदम हसलो.

नरकचतुर्दशीला पहाटे न्हाणीघरातून तिची हाक आली, "आबा, 'ओयु' काढलंय, या!" जपानीत 'मिझु' म्हणजे साधे पाणी, तापवले की ते पाणी राहत नाही, त्याचे 'ओयु' होते. 'गरम मिझु' म्हटले तर जपानी माणसाच्या कानाला ते खटकते. मी उटणे लावता लावता म्हटले, "आपणही काही कमी नाही. चुलीवर डाळ शिजवायला ठेवलं ते आधण, आणि कढत पाण्यात निववायला ओतलं ते विसण. लिही वहीत!" इंग्रजीत 'विसण' कसे सांगायचे, हे ३१ वर्षांत मला कोणी विचारले नाही म्हणून माझी अब्रू वाचली.

पाडव्याच्या दुपारी तिने मला जपानी अक्षरांचा तक्ता दाखवला. वरच्या ओळीत आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मी चकितच झालो. "अगं, ही तर आपल्या बाराखडीची मावसबहीण!" आणि नाते खरेच आहे. बौद्ध भिक्षूंनी धर्मग्रंथांबरोबर संस्कृत वर्णमालेचा अभ्यास तिकडे नेला आणि तिच्याच क्रमाने पुढे त्यांची अक्षरे लावली गेली. वाक्याची ठेवणही ओळखीची. 'वाताशी वा गोहान ओ ताबेमासु', म्हणजे 'मी भात खाते'. क्रियापद आपल्यासारखेच शेवटी. नात मात्र आजवर मनात आधी मराठी वाक्य करी, त्याचे इंग्रजी करी आणि त्याचे पुन्हा जपानी. धानोऱ्याहून नंदुरबारला जायला ती लंडनवरून जात होती! आणि तो वळसा तिला कोणी दाखवला होता? शाळेत माझ्या हाताखालीच ती इंग्रजी शिकली.

पण माझी मराठीची घमेंडही फार टिकली नाही. भाऊबीजेला तिने धाकट्याला ओवाळले. त्याने खाऊच्या पैशांतून साठवलेली एक नोट तबकात टाकली. नात म्हणाली, "आबा, आता सांगा. मी त्याला काही दिलं तर 'आगेरु', आणि त्यानं मला दिलं तर 'कुरेरु'. इंग्रजीत दोन्ही 'गिव्ह'. मराठीत?"

मी आठवून पाहिले. दिले, दिले आणि दिलेच. माझ्याकडून बाहेर गेले की बाहेरून माझ्याकडे आले, हे आपल्या क्रियापदाला कळत नाही. जपानी क्रियापदाला कळते. दुसऱ्याने आपल्याला दिले, यात त्याचे थोडे उपकार आहेत, हे त्या 'कुरेरु'तच येते. मी गप्प बसलो. मनात आले, या चार दिवसांत मी हिला शब्द दिले की हिने मला? जपानीत बोलायचे असते तर मला 'कुरेरु'च म्हणावे लागले असते.

त्याच रात्री ती 'माझे कुटुंब' हा निबंध लिहायला बसली. आजीपाशी येऊन अडली. स्वतःच्या आजीविषयी परक्यांशी बोलताना 'सोबो' म्हणायचे. हाक मारताना किंवा दुसऱ्याच्या आजीविषयी बोलताना 'ओबाऽसान'. त्यातही स्वर लांबवायला विसरले की आजीची आत्या-मावशी होते! हे सोपे होते. पुढचे वाक्य अवघड होते. आजी आता नाही, हे कसे लिहायचे? 'डाय'पुढे दोन शब्द होते, 'शिनु' आणि 'नाकुनारु'.

"तुझी आजी मेली असं तू म्हणशील का?" मी विचारले.

"नाही. गेली म्हणेन."

"मग 'मेली'सारखा कुठला आहे तो सोडून दे आणि दुसरा घे."

तिने 'नाकुनारु' लिहिला. मग म्हणाली, "आबा, अजून एक वाक्य आहे. आजी गेल्यापासून आमचे आजोबा 'सॅड' असतात. 'सॅड'ला इथे दोन शब्द दिलेत. 'कानाशिई' म्हणजे दुःख होतं, रडू येतं. आणि 'साबिशिई' म्हणजे..." ती थांबली. "म्हणजे माणूस जवळ नाही, घर रिकामं रिकामं वाटतं, तसलं. तुम्हाला कुठलं होतं?"

असा प्रश्न मला वर्षभरात कोणी विचारला नव्हता. भेटायला आलेले लोक 'फार वाईट झाले' म्हणत आणि मी मान हलवी. रडू म्हणाल तर ते तेव्हाच ओसरले होते. मी ओसरीवरच्या दुसऱ्या, रिकाम्या खुर्चीकडे पाहिले आणि म्हणालो, "मला करमत नाही गं."

"मग 'साबिशिई'," ती हळूच म्हणाली आणि तिने तो शब्द लिहिला. थोड्या वेळाने खालच्या मानेनेच म्हणाली, "मलाही तिकडे तेच होणार आहे, आबा."

मी तिच्या हातातली वही घेतली. पहिल्या पानावर तिने आपल्या कामाचे नाव लिहून ठेवले होते, 'केअर वर्कर'. काहीतरी बोलायचे म्हणून मी विचारले, "याचं मराठी काय केलंस? काळजी करणारी?"

"नाही. 'केअर'ला पण जपानीत वेगवेगळे शब्द आहेत. 'शिम्पाई' म्हणजे काळजी, जिवाला घोर लागतो ती. आणि दुसऱ्याचं करायचं, त्याला 'सेवा' म्हणतात."

"सेवा? आपली सेवा?"

"ऐकायला तरी तीच. म्हणजे बघा आबा, शिम्पाई तुम्ही करता. मी सेवा करणार आहे."

यावर मास्तराजवळ उत्तर नव्हते. काळजी आणि सेवा ही दोन्ही 'केअर'च्या एकाच पिशवीत घालून मी इतके दिवस हिच्यावर रागावलो होतो. माझी काळजी खरी होती, पण ती माझी होती. तिच्या आजीचे शेवटचे तीन महिने याच पोरीने केले होते. कूस बदलणे, केस विंचरणे, चमच्याने पेज भरवणे. मी दारात उभा राहून नुसता घोर करत असे. परक्यांची करायला निघालीस, असे मी म्हटले होते. माझ्या घरातल्या माणसाचे करूनच ती ते शिकली होती, हे मला त्या रात्री कळले. मी तिला म्हटले, "परीक्षेचा अर्ज भरलास का?"

पुढे ती दोन्ही परीक्षा पास झाली. कागदपत्रांत आणखी एक दिवाळी गेली आणि यंदाच्या होळीनंतर तिचे जायचे ठरले.

सुरत-भुसावळ मार्गावरच्या आमच्या नंदुरबार स्टेशनावर आम्ही सगळे तिला पोचवायला गेलो. गाडीला वेळ होता. सूनबाई डोळे पुसत होत्या. धाकट्याने वातावरण हलके करावे म्हणून तोंडातून ऐकीव जपानी काढले, "ताई, सायोनारा!"

"अरे, तसं नाही म्हणायचं," नात म्हणाली. "घरातून निघताना घरच्या माणसांना कोणी सायोनारा म्हणत नाही. 'इत्ते किमासु' म्हणतात. म्हणजे जाऊन येते."

मी चमकलो. 'गुडबाय' या एका शब्दाखाली मी जन्मभर या दोघांना एकत्र नांदवले होते. खरे तर आपल्याकडे निघणारा माणूस 'जातो' म्हणतच नाही. म्हणाला तर म्हातारीकोतारी त्याला माघारी बोलावून 'येतो म्हण' असे सांगतात. तिची आजी माहेरची शिंदखेड्याकडची. ती अहिराणीत 'येस' म्हणायची. 'येस' म्हणजे येते. नवीन लग्न झाले तेव्हा मी तिला चिडवी, "काय विचारलं म्हणून 'येस' म्हणतेस?" शेवटच्या वेळी तिला दवाखान्यात न्यायला गाडी आली, तेव्हाही ती दारातून तुळशीकडे पाहून "येस हां" म्हणाली होती. ती परत आली नाही. कितीतरी दिवस मला त्या शब्दाचा राग होता; त्याने मला फसवले असे वाटे. त्या फलाटावर वाटले, शब्दाने कुठे काय कबूल केले होते? निघणाऱ्याचे मन घराकडे आहे, एवढेच तो सांगतो. तेवढे तिने सांगितले होते.

गाडी आली. नात वाकून पाया पडली आणि म्हणाली, "आबा, येते."

"याला उत्तर काय द्यायचं असतं तिकडे?" मी विचारले.

"'इत्तेराश्शाई'. जाऊन ये."

तो लांबलचक शब्द माझ्या कवळीतून काही नीट निघाला नाही. म्हणून मी मराठीतच म्हणालो, "जाऊन ये, पोरी." अर्थ तोच होता आणि या वेळी तो मला कोणत्याही पुस्तकात पाहावा लागला नाही.

आता आठवड्यातून एकदा तिचा फोन येतो. तिकडचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. आमची दिवेलागण होते तेव्हा ती निजायच्या तयारीत असते. पहिल्याच फोनला मी विचारले, "कसं आहे गं तिकडे?"

"अजून 'सामुई' आहे, आबा. दोन रजया घेते."

"आणि माणसं?"

"माणसं 'त्सुमेताई' नाहीत."

माझ्या जिवातली अर्धी शिम्पाई तिथेच उतरली. उरलेली अर्धी मी ठेवून घेतली आहे; आजोबाला तेवढा हक्क असतो.

यंदाच्या दिवाळीला ती नाही. करमत नाही, हे आता मी कोणालाही मोकळेपणाने सांगतो. ती वही ओसरीच्या कोनाड्यात आहे. कालच धाकटा तिथे अभ्यासाला बसला होता. इंग्रजीचे पुस्तक पुढे करून त्याने विचारले, "आबा, 'अंकल' म्हणजे काय हो?"

जुन्या सवयीने उत्तर ओठांवर आले होते. ते मी गिळले आणि त्याला जवळ बसवून घेतले.

"कोणाचा कोण?" मी विचारले. "आधी नातं सांग, मग शब्द सांगतो."